दोष मशीनचा की कंपाउंडचा?

गाडीचा रंग उजळवणाऱ्या कारागिरांत एक वाद बरीच वर्षं चालू आहे : रोटरी बफ मशीन ठेवायचं की मोडीत काढायचं? रोटरी म्हणजे एकाच आसावर सरळ गरगर फिरणारं जुनं मशीन. त्याच्या पॅडला कंपाउंड, म्हणजे रंग घासणारा दाणेदार लेप, लावून ते गाडीवर फिरवतात. त्याच्या शेजारी आता ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ येऊन बसलं आहे. गॅरेजात त्याला नुसतं ‘डीए’ म्हणतात. डीएचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा झोकाही घेतो. साध्या डीएवर जोर जास्त दिला तर त्याचं फिरणं थांबतं. रोटरी थांबत नाही. तिची ताकद त्यातच आहे आणि तिची भीतीही त्यातूनच आली आहे.

ज्या दोघांचं बोलणं इथे देतो आहे ते नात्याने मामा-भाचे. मामांचं नाना पेठेत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. भाचा त्यांच्याच हाताखाली शिकला आणि आता वाकडला स्वतःचा डिटेलिंग स्टुडिओ चालवतो. दोघंही कामाला चोख. समोर एक काळी सेडान उभी होती. रोज सकाळी एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने पुसून पुसून तिच्या बॉनेटवर गोल ओरखडे उठले होते. सुरुवात भाच्याने केली.

भाचा : मामा, रोटरी चालू केली की कंपाउंड गाडीवर कमी आणि इकडेतिकडे जास्त. वायपरखाली, काचेच्या रबरात, ग्रिलच्या फटीत, समोरच्या भिंतीवर. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर पडलं की पांढरा डाग बसतो, मग ब्रश घेऊन तो काढत बसा. मी पोरांना सांगून टाकलंय, रोटरीला हात लावायचा नाही.

मामा : तू सोडतोस किती कंपाउंड?

भाचा : लागेल तेवढं.

मामा : हे काय उत्तर झालं? भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरवतात, तेवढंच हवं. पीठ जास्त झालं की भाकरी नुसती सरकते, थापली जात नाही. इथंही तसंच. पॅड आणि रंग यांच्यामध्ये जाड थर राहिला की पॅड त्यावर तरंगतो, घासलं काहीच जात नाही. मग तू म्हणणार, कापत नाही, अजून घाला. अजून घातलेलं जाणार कुठं? भिंतीवरच जाणार ना?

मामांचं म्हणणं हिशेबानेही पटतं. १८० मिलिमीटरचा पॅड मिनिटाला ३००० फेरे घेतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २८ मीटर होतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. तोच पॅड ६०० फेऱ्यांवर फिरवला तर कडेचा वेग ताशी वीसच्या आसपास राहतो. ओल्या कंपाउंडचा थेंब शंभराच्या वेगाला सापडला तर तो उडणारच. कंपाउंड पसरून पातळ झालं, पॅडच्या छिद्रांत आणि रंगाच्या अंगाला लागलं, की मग वेग वाढवला तरी उडायला फारसं काही उरत नाही. पहिल्या काही सेकंदांत काय करता यावर पुढचं सगळं ठरतं.

मामांनी ते करून दाखवलं. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकली, म्हणजे ती बॉनेटवर घासणार नाही. बॉनेटचा हातभर लांब-रुंद तुकडाच कामाला धरला. काचेचं रबर, बॉनेटची कड आणि लोगो यांवर मास्किंग टेप आधीच लावला होता. नव्या फोम पॅडला पहिल्यांदा बोटाने कंपाउंड चोळलं, सगळीकडे, पण अगदी पातळ. पॅडचा एखादा भाग कोरडा राहिला तर तो रंगाला ओरबाडतो. मग वाटाण्याएवढे चार थेंब पॅडवर ठेवले, तेही कडेपासून आत. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून थेंब पसरले. पॅड टेकलेला असतानाच सर्वांत कमी वेगावर बटण दाबलं. पांढरट थर सगळीकडे सारखा दिसू लागल्यावर वेग बाराशे ते पंधराशेच्या दरम्यान नेला आणि आधीची पट्टी अर्धी झाकत जाणाऱ्या आडव्या, मग उभ्या पट्ट्यांत मशीन सावकाश फिरवलं. शेवटी वेग उतरवला, बटण सोडलं, फिरणं थांबेपर्यंत पॅड रंगावरच ठेवला आणि मग उचलला. भिंतीवर ठिपका नव्हता.

भाचा : हे तुमच्या हाताला जमतं. नव्या पोराला जमेल का? तो मशीन हवेत चालू करतो आणि मग टेकवतो. टेकवला त्याच क्षणी पिचकारी उडते.

मामा : मग शिकवायचं कुणी? जुन्या दाराच्या पत्र्यावर बसव त्याला. भंगारात पैशाला पासरी मिळतात. ग्राहकाच्या गाडीवर शिकू देऊ नकोस.

भाचा : बरं, फेकणं सोडा. चिकटण्याचं काय? मे महिन्यात काम सुरू केलं की पॅडवर गोळे होतात, रंगावर चिकट पट्टे उठतात, फडक्याने पुसायला गेलं तर फडकं अडकतं. पुसायला जोर लावला की काळ्या रंगावर पुन्हा ओरखडे.

मामा : पॅड साफ कधी करतोस?

भाचा : गाडी झाल्यावर.

मामा : मग तिथंच तुझं चुकतंय.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे, आणि माझ्या मते बफिंगच्या कामात याहून मोठा मुद्दा नाही. पॅड रंगावर फिरतो तेव्हा त्यात नुसतं कंपाउंड राहत नाही. घासून निघालेला क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), जुनं मेण, धूळ आणि वाळलेलं कंपाउंड यांचा लगदा फोमच्या छिद्रांत भरत जातो. छिद्रं बुजली की पॅडला हवा मिळत नाही आणि तो तापतो. तापला की ताजं कंपाउंडही लगेच वाळतं, वाळलेलं गोळा होतं आणि गोळा रंगावर पट्टा ओढतो. कारागीर समजतो की माल खराब आला आणि डबा बदलतो. पुढचा डबाही तसाच वागतो, कारण पॅड तोच असतो. मामा प्रत्येक तुकड्यानंतर पॅड साफ करतात. फोम असेल तर नायलॉनचा ब्रश कमी वेगावर फिरत्या पॅडला लावतात. वूल असेल तर दातेरी चक्राने लोकर मोकळी करतात, नाहीतर कॉम्प्रेसरची हवा मारतात. हवा मारण्याआधी टाकीखालचा कॉक उघडून साठलेलं पाणी काढून टाकतात, नाहीतर ते पाणी पॅडमध्ये शिरतं. दोनतीन पॅनेल झाले की पॅड बदलून दुसरा लावतात आणि पहिला धुवायला टाकतात. एका गाडीला एकच पॅड वापरणाऱ्या माणसाने मशीनला नावं ठेवू नयेत.

इथे भाच्याने मामांना एक गोष्ट ऐकवली आणि ती तितकीच खरी होती.

भाचा : पण तुम्हीही एक सवय सोडत नाही. पॅनेल तापला की पाण्याचा फवारा मारता.

मामा : पूर्वीपासून मारतो. त्याशिवाय काम व्हायचं नाही.

भाचा : पूर्वीचं कंपाउंड वेगळं होतं. डब्यातली घट्ट पेस्ट, ती पाण्यात कालवूनच वापरायची. आताच्या द्रव कंपाउंडात ओल किती हवी ते ठरवूनच घातलेलं असतं. त्यावर फवारा मारला की ते पातळ होतं आणि उडतं. तुमच्याकडच्या भिंतीवरचे जुने ठिपके कशाचे आहेत, सांगा.

मामा : हलकासा मारला तर चालतं.

भाचा : हलका, एकदाच, तोही पॅडवर, तर चालतं. पॅनेलवर नाही. आणि आणखी एक. जुन्या मालातले दाणे घासता घासता फुटून बारीक व्हायचे. ते फुटेपर्यंत घासावं लागायचं, लवकर थांबलं तर ओरखडे राहायचे. आता बरीच कंपाउंडं अशी येतात की त्यांचा दाणा फुटतच नाही. तिथे जास्त वेळ घासून फायदा नाही. थर पारदर्शक झाला, तेलासारखा दिसायला लागला, की थांबायचं. त्यानंतर फिरवत राहिलं तर तो वाळून धूळ होतो. तुम्ही दोन्ही माल एकाच पद्धतीने वापरता.

मामा यावर गप्प राहिले. डबा उचलून त्यावरचं लेबल लांब धरून वाचलं आणि डबा भाच्याच्या हातात दिला. जुन्या सवयी आल्या कुठून हेही समजून घ्यायला हवं. मामा हा धंदा मुंबईत शिकले, काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. त्या काळच्या साध्या रंगावर वेगळा क्लिअर नसायचा, रंग हाच वरचा थर. उन्हाने तो पांढुरका पडायचा आणि घासला की पॅडवर गाडीचाच रंग उतरायचा. जाड पेस्ट, लोकरीचा बफ, चढा वेग आणि वर पाणी हा त्या रंगाचा उपाय होता आणि तो बरोबरच होता. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात उतरल्या. ती पद्धत मात्र अजून अनेक गॅरेजांत जशीच्या तशी चालू आहे, आणि आता ती क्लिअरवर चालवली जाते.

भाचा : आता खरा मुद्दा. हे बॉनेट तुम्ही चमकवलंत. आरसा झालाय, मान्य. पण मी यावर अल्कोहोल मारणार.

त्याने पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसलं आणि गाडी ढकलून उन्हात आणली. कंपाउंडमधलं तेल निघून गेलं आणि काळ्या रंगावर लांबट, धुरकट पट्टे दिसू लागले. डोकं हलवलं की तेही हलत होते. यालाच होलोग्राम म्हणतात. रोटरीचा पॅड एकाच दिशेने कापत जातो, त्यामुळे त्याचे अतिसूक्ष्म ओरखडेही एकाच दिशेने पडतात आणि ऊन त्यांवर ओळीने चमकतं. सावलीत ते दिसत नाहीत. तेल असेपर्यंत उन्हातही दिसत नाहीत. ग्राहक गाडी घरी नेतो, चारदोन वेळा धुतो आणि मग त्याला ते दिसतात.

मामा : हे मला ठाऊक आहे. पहिल्या हाताचं काम असंच दिसणार. म्हणून तर दुसरा हात मऊ फोमने, बारीक पॉलिशने मारायचा, वजन न देता.

भाचा : दुसरा हात किती जण मारतात? तुमच्या गल्लीतली किती गॅरेजं मारतात?

मामा : फार थोडी.

भाचा : तेच म्हणतोय मी. मशीन वाईट नाही, पण ते अर्धवट काम लपवू देतं. डीए सगळीकडे झोके घेत फिरतो, त्याचे ओरखडे एका दिशेचे नसतात. म्हणून होलोग्राम पडत नाहीत. दुसरा हात मी डीएनेच मारतो.

मामा : मार. त्याला माझं कधी नाही म्हणणं नव्हतं. पण पहिला हात? नव्या रंगात धूळ बसली म्हणून पंधराशेचा ओला सँडपेपर मारलाय, ते पेपरचे ओरखडे काढायला तुझा डीए किती वेळ घेतो?

भाचा : मायक्रोफायबरचा पॅड लावला तर निघतात.

मामा : निघतात, पण वेळ किती जातो? आणि दाराच्या हँडलमागची वाटी, खिडक्यांमधला खांब, बंपरचा आतला वळसा? तिथं तुझा पॅड टेकला की फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरतो. माझा ७५ मिलिमीटरचा पॅड रोटरीवर तिथं सरळ काम करतो.

भाच्याने हे मान्य केलं, आणि बोलणं रंगाच्या जाडीवर आलं. माझ्या दृष्टीने गाडीच्या मालकाने नीट ऐकावा असा भाग हाच. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा थर असतो, काही गाड्यांवर त्याहून कमी. त्यातला क्लिअर बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पातळ. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यं त्या क्लिअरमध्येच असतात. जोरकस कंपाउंडिंगचा प्रत्येक हात त्यातले काही मायक्रॉन घेऊन जातो आणि गेलेला क्लिअर परत येत नाही. दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारा माणूस दरवर्षी रंगाचं आयुष्य कमी करून घेत असतो.

भाचा : म्हणून मी आधी मीटर लावतो. प्रत्येक पॅनेलवर चारपाच ठिकाणी.

मामा : लाव. पण ते मीटर तुला एकूण जाडी सांगतं. त्यात क्लिअर किती आणि रंग किती, ते सांगत नाही. एखाद्याने दार पुन्हा रंगवलं असेल तर आकडा मोठा येईल आणि तू म्हणशील, भरपूर आहे, घासा. वरचा क्लिअर मात्र पातळच असेल. आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते मीटर चालतच नाही.

भाचा : मग बंपरवर तुम्ही काय करता?

मामा : हाताची पाठ टेकवतो. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लास्टिक ती तिथंच धरून ठेवतं. म्हणून बंपरवर वेग कमी, हात हलका आणि मधूनमधून थांबायचं. हाताच्या पाठीला पॅनेल कोमट लागला तर ठीक. हात काढावासा वाटला की मशीन खाली ठेवायचं. बॉडी लाइनवर आणि कडेवर तर आधी टेप. तिथं रंग बसतानाच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा जोर त्या एका रेषेवर येतो. पॅडची कड नेहमी पॅनेलच्या बाहेर जाणाऱ्या दिशेने फिरायला हवी. आत येणाऱ्या दिशेने फिरली की कड उडालीच समज.

भाचा : दसऱ्याच्या गाड्यांचं काय करता?

हा प्रश्न त्याने सहज विचारला, पण मामांच्या कपाळाला आठी पडली. दसऱ्याच्या आधी प्रत्येकाला गाडी हवी असते. आज क्लिअर मारला, उद्या बफ मारून द्या. हार्डनर घातलेला क्लिअर रंगाच्या बंद बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास तापवला तर लवकर घट्ट होतो. बूथ नसलेल्या गॅरेजात तो हवेवरच सुकतो. वरून कोरडा लागला तरी आतलं सॉल्व्हंट निघून जायला दिवस लागतात. अशा कच्च्या क्लिअरवर रोटरी फिरवली की उष्णतेने तो मऊ पडतो, त्याचे चिकट कण पॅडवर जमतात आणि गोळे होतात. त्या दिवशी आणलेली चमक पुढच्या काही आठवड्यांत उतरते, कारण क्लिअर आकसत राहतो आणि खालचे पेपरचे ओरखडे वर दिसू लागतात. ग्राहक कंपाउंडला दोष देतो, गॅरेजवाला रंगाच्या कंपनीला.

मामा : ज्याला घाई आहे त्याला मी गाडी न घासता देतो. महिन्याने या म्हणतो. काही येतात, काही दुसरीकडे जातात. जाऊ देत.

भाचा : आमच्याकडे उलटं होतं. डीएने नुकसान होत नाही असं ऐकून पोरं निर्धास्त होतात. पॅड साफ करत नाहीत, तासन् तास घासत बसतात, कंपाउंड ओतत राहतात. पॅड मधोमध तापून आतून फाटतो. धूळ माझ्याकडेही उडते. आणि त्यावर कुणीतरी सिरॅमिक कोटिंग मारून देतो. खालचे ओरखडे कोटिंगखाली तसेच बंद होतात. ते काढायचे तर आधी कोटिंग घासून काढा.

मामा : म्हणजे माल जास्त ओतणारा हात डीएवरही तेच करणार.

भाचा : हो. नुकसान कमी होतं, एवढाच फरक.

मामा : तो फरक लहान नाही, हे मीही मानतो. नव्या पोराच्या हातात आधी डीए दे. पण रोटरीला हात लावू नकोस असं सांगू नकोस. ती न शिकलेला पोरगा पॅड तापलाय की नाही हे हाताने कधीच ओळखणार नाही.

भाचा : महिन्यातून एक रविवार द्या मग. पोरांना तुमच्याकडे पाठवतो. दारं मी भंगारातून आणतो.

मामा : चार पॅड पण आण. माझे देणार नाही.

दोघांचं ऐकून माझं मत असं झालं आहे. ओला पेपर मारलेल्या नव्या रंगाला, पांढुरका पडलेल्या जुन्या रंगाला आणि अडचणीच्या वळशांना रोटरीच हवी, आणि ती शिकलेल्या हातातच हवी. शेवटचा हात डीएचा. फेकणं, चिकटणं आणि धूळ या तिन्ही तक्रारींचं मूळ मला तरी मशीनमध्ये दिसलं नाही. ते जास्त कंपाउंडात, न साफ केलेल्या पॅडमध्ये आणि तापलेल्या किंवा कच्च्या रंगात आहे. होलोग्रामची तक्रार मात्र रोटरीचीच आहे, आणि दुसरा हात मारल्याशिवाय ती जात नाही.

गाडी बफिंगला देणार असाल तर दुकानदाराला चार गोष्टी विचारा : रंगाची जाडी मोजणार का, एका गाडीला किती पॅड वापरता, शेवटचा हात कशाने मारता आणि काम झाल्यावर अल्कोहोलने पुसून दाखवाल का? गाडी ताब्यात घेताना ट्यूबलाइटखाली बघू नका. भर दुपारी उन्हात उभी करायला लावा, बॉनेटभोवती एक फेरी मारा आणि मगच पैसे द्या.